दोन शेर कुळीथ

तळाशीलला येणारे पाहुणे विचारतात,
तो वादळाचा सीन नक्की कुठे घेतला हो?
मी बोट दाखवतो. बहुतेक वेळा बरोबर दिशेला.

सांगतो, वारा म्हणजे विमानाचा जुना पंखा होता,
रेवंडीहून दोन होड्या जोडून अलीकडे आणलेला.
पाऊस म्हणजे बाबल मेतराच्या विहिरीवरचे दोन पंप;
चौथ्या दिवशी विहिरीने गाळ ओकला.
बुडणारा हीरो मांडीभर पाण्यात गुडघे टेकून बसला होता,
आणि कुर्लीने अंगठा धरला तेव्हाची त्याची किंकाळी
तशीच ठेवलीय पडद्यावर. अभिनय म्हणून.
पाहुणे हसतात. पुन्हा सोलकढी मागतात.

सहसा मी इथेच थांबतो.

आज तुम्ही एकटेच आहात, लाइटही गेलेत,
म्हणून सांगतो:
त्या पिक्चरमधला समुद्राचा आवाज समुद्राचा नाही.

टिपणीस नावाचे साउंडवाले होते.
तीन रात्री ओल्या वाळूत माइक रोवून बसले.
मी तेरा वर्षांचा, त्यांची छत्री धरायला, रोजचे पाच रुपये.
एकदा त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला.
यंत्रातून ऐकलेला खरा समुद्र म्हणजे
लांब कुणाच्या तरी घरी मासे तळतायत, बस.
भरती नाही, ओहोटी नाही, नुसतं तेल.

चौथ्या दिवशी ते शेजारच्या पडवीत पाणी प्यायला थांबले.
शेवंती तारी कुळीथ पाखडत होती.
तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.
"बाई, पुन्हा करा. हळू."

तिने केलं.
दाणे सुपाच्या कडेपर्यंत धावले, थबकले,
बांबूच्या चोयांवरून खरखरत मागे घसरले,
आणि मी वळून बघितलं, उंबऱ्याशी पाणी आलं की काय.

टिपणीस म्हणाले, एका लयीत करा.
"लाट काय मोजून येणा नाय."
म्हणाले, मग जरा मोठी करा.
"मोठी मागसून येतली. आदी दोन न्हान जाव देत."
ते गप्प झाले. माइक जवळ सरकवला.
मला कोंबड्या हाकलायच्या कामावर लावलं.

दीड तास ती समुद्र पाखडत होती.
झोळीतलं पोर कधी नव्हे ते गाढ झोपलं.

मिळाले पंचवीस रुपये आणि बिस्किटांचा एक पुडा.
पाट्यांमध्ये नाव आलं ते असं: 'समस्त ग्रामस्थ, तळाशिल'.
शी ऱ्हस्व.
पिक्चर मालवणात लागला तेव्हा ऐन रापणीचे दिवस;
ती काही गेली नाही बघायला.

हां, त्या रात्री तिने तोच समुद्र भाजला, दळला
आणि पिठी केली.
टिपणीसांनी दोनदा भात घेतला.

आता कधीतरी दुपारचा तो टीव्हीवर लागतो.
शेवटाकडे हीरॉइन किनाऱ्यावर उभी असते, होडी दिसत नाही,
आणि लाट येता येता मधेच थांबते.
दोन सेकंद काहीच नाही.
कुणा जाणकाराने पेपरात लिहिलं होतं,
की इथे दिग्दर्शकाने समुद्राला श्वास रोखायला लावला आहे.
कात्रण आहे माझ्याकडे. लॅमिनेट केलेलं,
तरी आत दमट शिरलाय.

ती खडा वेचत होती.
टिपणीसांनी तेवढा तुकडा कापला नाही, का ते त्यांनाच माहीत.
मी बघितलाय तो खडा. तपकिरी, कुळथाएवढाच.
तिने तो अंगणात भिरकावला,
आणि मी हाकलायची विसरलेली एक कोंबडी
त्याला टोचून पुढे गेली.